उमेदवारीचीं वर्षें

वरोऱ्याच्या एका एकत्र कुटुंबांतील कर्त्या गृहस्थांचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. पत्र चार पानी आहे. त्याचा सारांश असा. त्यांची पुतणी सनदी लेखापालाच्या मधल्या परीक्षेचे दोन्ही गट उत्तीर्ण होऊन गेल्या वर्षापासून चंद्रपुरास एका लेखापालांच्या कचेरींत उमेदवारी करीत आहे. सकाळीं लवकरच्या बसनें ती निघते आणि विवरणपत्रांचे दिवस आले म्हणजे रात्रीं नऊ वाजल्याखेरीज घरीं पोंचत नाहीं. जें विद्यावेतन मिळतें तें जाण्यायेण्यांत व दुपारच्या फराळांत संपून जातें. तिच्याच वयाचा चुलतभाऊ बी. कॉम. होतांच कोळशाची वाहतूक करणाऱ्या एका ठेकेदाराच्या कचेरींत लागला, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आजींच्या हातावर पैसे ठेवितो. आजी विचारतात, ‘ही मिळवती कधीं व्हायची?’ मुलीची आई कांहींच विचारीत नाहीं. परंतु आलेलीं दोन स्थळें ‘परीक्षा होऊं द्या’ म्हणून परत पाठविल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नाहीं. हीं वर्षें पुढें फळास येतात कीं नुसतीं वायां जातात, याचें उत्तर भीडभाड न ठेवितां द्यावें, असें गृहस्थांचें मागणें आहे.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली, ज्या ज्या गांवीं मुलगा किंवा मुलगी हिशेबाच्या विद्येकडे वळली आहे, त्या त्या गांवीं तो जेवणाच्या पानावर निघतो. म्हणून उत्तर खासगी न धाडितां येथेंच देत आहों. आमचें मत आरंभींच सांगतों. हीं वर्षें फळतात, पण आपोआप फळत नाहींत. जें काम खरोखर उमेदवारी असतें तें फळतें. जें उमेदवारीच्या नांवाखालीं वेठ असतें तें फळत नाहीं. या दोहोंतील फरक घरच्या माणसांना ओळखतां येतो, आणि तो ओळखणें हें त्यांचेंही काम आहे, एकट्या मुलीचें नव्हे.

‘उमेदवारी’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. आपल्या आजे-पणज्यांपैकीं जे कोणी मामलेदार कचेरींत अगर दिवाणी कोर्टांत कारकून झाले, त्यांतील कित्येकांनीं आधीं बिनपगारी उमेदवारी केली होती. नकला उतरावयाच्या, दप्तरें बांधावयाचीं आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची, असा तो क्रम असे. हिशेबाच्या धंद्यांत मात्र या उमेदवारीस पुढें कायद्याचें रूप आलें. १९१३ च्या कंपनी कायद्यानें कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्याच्या पात्रतेचा नियम घातला. १९१८ सालीं मुंबई सरकारनें हिशेबविद्येची पदविका, म्हणजे जी. डी. ए., सुरू केली, आणि तिच्यासाठीं परीक्षेच्या जोडीला मान्य लेखापालाच्या हाताखालील उमेदवारी आवश्यक ठरविली. स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापालांचा कायदा झाला, आणि १ जुलै १९४९ रोजीं त्यांची आजची संस्था अस्तित्वांत आली. उमेदवारीची मुदत वेळोवेळीं बदलत गेली. जी तीन वर्षांची होती ती १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेंत दोन वर्षांची झाली आहे. मुदत घटली तरी मूळची कल्पना कायम आहे. हिशेब लिहिणें पुस्तकावरून येईल, पण हिशेब तपासणें हें जाणत्या माणसाच्या शेजारीं बसूनच शिकावें लागतें.

आतां प्रथम पैशाचा विचार करूं, कारण आजींचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो मुळींच गैर नाहीं. विद्यावेतनाची किमान मर्यादा संस्थेनें शहराच्या लोकसंख्येवरून ठरविलेली आहे. मोठ्या शहरांत ती अधिक व लहान शहरांत कमी असते. २०११ च्या शिरगणतींत चंद्रपूर शहराची वस्ती सुमारें ३ लाख २० हजार भरली होती. तेव्हां मुंबई-नागपूरच्या मानानें येथील उमेदवारास कमी मिळावें हें क्रमप्राप्तच आहे. समजा, मुलीला दरमहा ४,००० रुपये मिळतात आणि तिच्या चुलतभावास १५,००० मिळतात. अंतर ११,००० रुपयांचें. दोन वर्षांचे २४ महिने धरिले तर घराचें बुडालेलें उत्पन्न २ लाख ६४ हजार होतें. उमेदवारी संपल्यावर अंतिम परीक्षेपूर्वीं सहा महिने अभ्यासाचे असतात. त्या काळांत विद्यावेतनही नाहीं, म्हणून आणखी ९० हजार मिळवा. शुल्क, पुस्तकें व शिकवणी यांचे लाखभर धरा. एकूण बेरीज सुमारें साडेचार लाख होते. उलट बाजूस, परीक्षा उतरल्यावर तिची प्राप्ति चुलतभावापेक्षां दरमहा २५ हजारांनींच अधिक झाली असें धरिलें, तरी दीड वर्षांत ही सारी तूट भरून निघते आणि पुढें मिळकतीचीं तीस वर्षें उरतात. हे आंकडे केवळ मांडणीसाठीं घेतले आहेत. प्रत्येक घरानें आपले आंकडे त्या जागीं घालून हाच हिशेब एकदां कागदावर करावा.

येथवरचा हिशेब सोपा आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. त्यांत एक मोठें कलम राहून गेलें आहे, तें म्हणजे परीक्षा उतरेल कीं नाहीं हें. नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम परीक्षेंत दोन्ही गट एकदम देणाऱ्या शंभरांपैकीं साडेनऊसुद्धां पुरते उतरले नाहींत. मे २०२४ मध्यें तें प्रमाण वीसाच्या जवळपास गेलें. प्रत्येक विषयांत ४० आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळाल्याखेरीज गट सुटत नाहीं, त्यामुळें एका विषयांतील चार गुणांसाठीं चांगल्या विद्यार्थ्यासही पुन्हां बसावें लागतें. अशा फेऱ्यांचें एक एक वर्ष, चुलतभावाच्या पगाराच्या मानानें पाहिलें तर, घरास १ लाख ८० हजारांस पडतें. चार वर्षें फेऱ्या चालल्या तर सात लाखांवर रक्कम जाते. म्हणजे घर खचतें तें उमेदवारीच्या दोन वर्षांनीं नव्हे. तें खचतें त्यानंतरच्या, कोणतीही मर्यादा न ठरविलेल्या काळानें. २०२५ पासून अंतिम परीक्षा वर्षांतून तीनदां होऊं लागली आहे. त्यानें संधि वाढल्या हें खरें. पण ‘पुढच्या खेपेस पाहूं’ असें म्हणण्याचा मोहही तितकाच वाढला. घरानें चिंता करावयाची असेल तर ती या ठिकाणीं करावी.

पैसा बाजूस ठेविला तर या दोन वर्षांत मिळतें तरी काय? चंद्रपूर-गडचिरोलींतलींच उदाहरणें घेऊं. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज हा सारा धानाचा मुलूख. तेथें राईस मिली पुष्कळ. एखाद्या मिलीच्या तपासणीस गेलेल्या उमेदवारास प्रथम काम मिळतें तें पावत्या आणि कीर्द ताडून पाहण्याचें. हजार-दोन हजार पावत्या, एकीमागून एक. काम कंटाळवाणें आहे यांत शंका नाहीं. परंतु एक क्विंटल धानामागें सरकारी भरडाईंत ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो, हें एकदां ठाऊक झालें कीं त्याच पावत्या बोलूं लागतात. समजा, मिलीच्या वहींत खासगी धानाचा उतारा ५८ किलोंच्याच आसपास दिसतो. मग बाकीचा तांदूळ गेला कोठें? धान ओलें होतें काय? कणी वेगळी विकली काय? कोंडा व तूस यांची विक्री वहींत आली आहे काय? विजेचें बिल काढून पाहिलें तर मिल किती चालली याचा अंदाज येतो, आणि त्यावरून किती धान भरडलें असावें हेंही ताडतां येतें. पावती, उतारा आणि विजेचें बिल हे तीन कागद एकमेकांशेजारीं ठेवण्याची बुद्धि पाठांतरानें येत नाहीं. आज बेरजा आणि ताडणी संगणक क्षणांत करितो, तरी कोणते कागद शेजारीं ठेवावयाचे आणि मालकास काय विचारावयाचें, हें ठरविणारा माणूस लागतोच. आणि तो तयार होतो तो याच कंटाळवाण्या महिन्यांतून.

दुसरें उदाहरण रानांतलें. एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोलीच्या जंगलांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. ७० पानांचा एक पुडा, आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणींत ७० हजार पानें. मजुरी शेंकडा पुड्यांच्या हिशेबानें मिळते. दिवसभराच्या कष्टानें जमविलेले पुडे फळीवर मोजले जातात आणि ज्या त्या कुटुंबाच्या नांवावर मांडले जातात. आतां शंभरांमागें चारच पुडे ‘खराब’ म्हणून कमी मांडले, तर हंगामांत पांच हजार पुडे आणणाऱ्या घराचे दोनशें पुडे, म्हणजे चौदा हजार पानें, वहींतून नाहींशीं होतात. हें कोणाच्या ध्यानांत यावयाचें? ज्याला वही वाचतां येते त्याच्याच.

याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गांवास वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचें पुस्तक तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्तें ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. देवाजी तोफा आणि त्यांचे गांवकरी यांनीं अनेक वर्षें चिकाटीनें केलेल्या प्रयत्नांचें तें फळ होतें. पण त्याच दिवसापासून किती बांबू तोडला, कोणाला विकला, काय भाव आला, मजुरी किती गेली आणि गांवाच्या निधींत काय उरलें, हें लिहून ठेवण्याचें कामही गांवाकडे आलें. पुढें जिल्ह्यांतील इतर अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्ता स्वतः विकूं लागल्या. हक्क मिळविण्यास कार्यकर्ते लागले. तो हक्क वर्षानुवर्षें टिकविण्यास जमाखर्च जाणणारा आणि गांवाला तो वाचून दाखविणारा माणूस लागतो. अशीं माणसें आपल्या भागांत अजून फार थोडीं आहेत. वरोऱ्याच्या मुलीनें शिक्षण पुरें करून मुंबईसच गेलें पाहिजे असें नाहीं, हें या ठिकाणीं सुचवून ठेवतों.

तिसरें उदाहरण या रानापासून दूरचें आहे, पण उमेदवाराच्या कामाचें मोल त्यावरून जितकें कळतें तितकें दुसऱ्या कशावरूनही कळत नाहीं. नव्या उमेदवारास सर्वांत क्षुद्र वाटणाऱ्या कामांपैकीं एक म्हणजे बँकेकडून शिलकेचें पत्र मागविणें आणि तें वहीशीं जुळविणें. ७ जानेवारी २००९ रोजीं हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं स्वतःच पत्र लिहून कबूल केलें कीं, कंपनीच्या ताळेबंदांत दाखविलेल्या रोख व बँकेंतील शिलकेपैकीं ५,०४० कोटि रुपये अस्तित्वांतच नाहींत. हजारो भागधारकांची पुंजी रातोरात निम्म्याहून खालीं आली. गणित अवघड होतें म्हणून हें लपून राहिलें असें नव्हे. बँकेंत पैसे आहेत काय, हा धंद्यांतला पहिला आणि साधा प्रश्न आहे. ज्यानें उमेदवारींत असलीं पत्रें कंटाळून, न पाहतां, टिकली मारून फाईलला लावलीं, तो पुढें मोठा झाल्यावरही तसेंच करील. शेवटीं सनदी लेखापाल विकतो काय? आपली सही. १ जुलै २०१९ पासून त्याच्या प्रत्येक तपासणी-अहवालास व दाखल्यास १८ अंकी क्रमांक घ्यावा लागतो, आणि खोट्या सह्या ओळखण्यासाठीं तो क्रमांक कोणालाही पडताळतां येतो. त्या सहीला किंमत येते ती ‘या कागदावर मी सही करणार नाहीं’ असें सांगण्याचें बळ अंगीं असतें म्हणून. आणि तें बळ या पहिल्या वर्षांत येतें किंवा पुढें सहसा येत नाहीं.

एकनाथमहाराजांच्या चरित्रांतील कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींनीं त्यांस हिशेब पाहावयास सांगितलें. एका पैची चूक सांपडेना, तेव्हां नाथ रात्रभर दिव्यापाशीं बसले आणि चूक सांपडतांच आनंदानें त्यांनीं टाळी वाजविली. कीर्तनकार तिचें तात्पर्य एकाग्रतेकडे नेतात, तें योग्यच आहे. पण उमेदवारीच्या दृष्टीनें पाहणारास त्या कथेंत दुसरेंही कांहीं दिसतें. त्या रात्रीं गुरु जवळ होते. शिष्याचा आनंद त्यांनीं पाहिला, कशाचा म्हणून विचारलें, आणि त्या एका पैवरून त्यास पुढची वाट दाखविली. गुरूनें पाहिलेंच नसतें तर तें एक नुसतें जागरण झालें असतें.

नुसतीं जागरणें किती महाग पडतात याचेंही उदाहरण आपल्याच राज्यांत घडलेलें आहे. पुण्यांत एका मोठ्या लेखापरीक्षण-संस्थेंत मार्च २०२४ मध्यें रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा त्याच वर्षीं जुलैंत मृत्यु झाला. तिच्या आईनें संस्थेच्या प्रमुखांस लिहिलेलें पत्र सप्टेंबरांत देशभर वाचलें गेलें. कामाचा असह्य भार मुलीच्या जिवावर बेतला, असें त्या माउलीचें म्हणणें होतें. केंद्रीय कामगार मंत्रालयानेंही चौकशी हातीं घेतली. ती मुलगी परीक्षा उतरलेली होती, हें विसरतां कामा नये. म्हणजे कष्टाचीं वर्षें सनदेबरोबर संपतात ही समजूत खरी नाहीं. ‘थोडें सोस, पुढें सुख आहे’ हें वाक्य आपण वडीलधारी माणसें फार सहज बोलतों. सोसण्यास सीमा असते, आणि ती सीमा ओलांडली गेली हें सांगण्याची सोय घरांत असली पाहिजे.

मग उमेदवारी आणि वेठ यांतील फरक ओळखावा कसा? आम्हांस चार खुणा महत्त्वाच्या वाटतात. पहिली, काम बदलतें काय? आरंभीं पावत्या, मग बँकेचा ताळमेळ, मग विवरणपत्रें, मग मालाची मोजदाद, आणि दुसऱ्या वर्षीं अहवालाचा कच्चा मसुदा, असा क्रम चढत असेल तर तें शिक्षण आहे. बारा महिन्यांनंतरही मुलगी तेंच एक काम करीत असेल तर ती स्वस्तांतली कारकून झाली आहे. दुसरी, चूक झाली असतां ती कोणी समजावून देतो काय, कीं नुसता रागावतो, अगर परस्पर दुरुस्त करून मोकळा होतो? तिसरी, अभ्यासास वेळ मिळतो काय? संस्थेच्या नियमानें उमेदवारीचे नेहमींचे तास आठवड्यास ३५ धरिले आहेत. वस्तु व सेवा कराच्या विवरणपत्रांच्या तारखा दर महिन्यास येतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत कामाचा डोंगर पडतो. त्या दिवसांत तास ओलांडले जाणारच. पण ते बाराही महिने ओलांडले जात असतील तर तो हंगाम नव्हे. चौथी खूण सर्वांत मोठी. न पाहिलेला माल पाहिला म्हणून, किंवा न तपासलेला कागद तपासला म्हणून लिहावयास मुलीला सांगितलें जातें काय? तसें असेल तर त्या कचेरींतील उमेदवारी एक दिवसही लांबवूं नये. गुरु बदलण्यास नियमांच्या अटी आहेत, त्या नीट वाचून वाट काढावी. पण वाईट वळण पदरांत घेऊन सनद मिळविण्यांत कांहींच लाभ नाहीं.

या चार खुणा लहान गांवच्या कचेरीस प्रतिकूल नाहींत. मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थेंत उमेदवारास अनेकदां एका प्रचंड हिशेबाचा एकच तुकडा वर्षभर दिसतो. चंद्रपुरासारख्या ठिकाणीं सकाळीं राईस मिल, दुपारीं कोळशाच्या ठेकेदाराचीं बिलें, दुसऱ्या दिवशीं पतसंस्था आणि तिसऱ्या दिवशीं सिमेंटच्या कारखान्यास माल पुरविणाराची वही, असा सारा संसार तिच्या डोळ्यांखालून जातो. कीर्दीपासून ताळेबंदापर्यंतचा प्रवास तिला एका हातानें करावयास मिळतो. बड्या कंपनीचा कारभार तिला येथें दिसणार नाहीं, ही उणीव खरी आहे. पण ती पुढें भरून काढतां येते.

आतां मर्यादेचा प्रश्न. उमेदवारी पुरी झाल्यावर अंतिम परीक्षेसाठीं किती काळ द्यावयाचा, हें घरानें मुलीला बरोबर घेऊन आजच ठरवावें. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं ठरवूं नये. आम्ही दोन वर्षें सुचवूं. त्या मुदतींत एक गट सुटला असेल तर दुसऱ्यासाठीं नोकरी करीत अभ्यास करावा. एकही गट न सुटल्यास दुसरी वाट धरण्यांत मानहानि नाहीं. सहकार खात्यातर्फें घेतली जाणारी जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा आहे. तिच्या वाटेनें सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणांत शिरतां येतें. राज्याची वित्त व लेखा सेवा आहे, परिव्यय लेखापालाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणें ग्रामसभा, पतसंस्था व शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या यांस जाणता हिशेबनीस हवाच आहे. या सर्व ठिकाणीं ज्यानें दोन वर्षें खरी उमेदवारी केली तो इतरांहून पुढें असतो. म्हणून परीक्षा न उतरणारांचीं तीं वर्षें शून्य झालीं, असें म्हणणें हिशेबास धरून नाहीं. मात्र बी. कॉम. ची पदवी अर्धवट सोडूं देऊं नये; यांतील कित्येक वाटांवर ती विचारली जाते.

राहिली मुलीच्या आईची चिंता. ही विद्या मुलींची नव्हे अशी समजूत एके काळीं होती. मद्रासच्या आर. शिवभोगम् या कायदेभंगाच्या चळवळींत तुरुंगवास भोगून आल्या, आणि १९३३ सालीं जी. डी. ए. उत्तीर्ण होऊन हिंदुस्थानांतील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या. पुढें त्यांनीं स्वतंत्र व्यवसाय केला आणि अनेक मुलींना या धंद्यांत आणिलें. त्या काळाच्या मानानें वरोऱ्याच्या मुलीपुढील अडचण लहान आहे. स्थळें थांबवून ठेवण्याचा काळ वर ठरविलेल्या मुदतीनें आपोआप आंखला जातो, आणि मुदत ठरलेली असली कीं येणाऱ्या स्थळालाही तें स्पष्ट सांगतां येतें. ज्या घरास एवढें थांबतां येत नाहीं, त्या घरीं तिच्या विद्येची पुढें कदर होईल अशी आशा धरण्यास आधार नाहीं. परीक्षेपूर्वीं घाईनें लग्न उरकून ‘पुढें तिकडे शिकेल’ म्हणणें, यांत मुलीचे दोन्हीकडून हाल होतात.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांस आमचें सांगणें एवढेंच. येत्या रविवारीं पुतणीला जवळ बसवून वर्षभरांत तिनें काय काय काम केलें तें तिच्या तोंडून ऐका. आजींनाही बोलवा, तांदळाचा उतारा आणि कोंड्याचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षां लवकर कळेल. तिच्या बोलण्यांत तुम्हांस एखाद्या वहीचें, एखाद्या सांपडलेल्या चुकीचें, गुरुजनांनीं विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचें वर्णन ऐकूं आलें, तर निर्धास्त राहा. तीं वर्षें फळत आहेत. तिला सांगण्यासारखें कांहींच नसेल, ती नुसती थकलेली असेल, तर कचेरी बदलण्याचा विचार त्याच दिवशीं सुरू करा. दरम्यान चुलतभावाच्या पगाराशीं तिच्या विद्यावेतनाची तुलना जेवणाच्या पानावर होऊं देऊं नका. तो चुलतभाऊही घरासाठींच राबत आहे, आणि त्याला पुढें कांहीं शिकावयाचें असल्यास त्याची पाळी यावी हेंही न्यायाचें आहे. रात्रीं बस उशिरां येते त्या दिवसांत कोणी तरी स्टँडवर जात जा, आणि ती जेवल्यावर तिला लगेच निजूं द्या. अभ्यास पहांटे होईल.